ऑपस आलं अन् मी वारलो

आता तुम्हीच सांगा, जित्या माणसाच्या दारात कुणी दुखवट्याची भाकर घेऊन येतं का? माझ्या दारात आले! अन् ती हातात घेतली बी मीच... ताजी होती हो!

तसं न्हाई, पहिल्यापासून सांगतो. बदनापूरच्या आमच्या शेतकरी गटाचं एक ॲप हाय, त्याच्यावर रोज सकाळी मी, नरहर, मोसंबीचा सल्ला बोलतो... उद्या वारं हाय, फवारू नका, असं. मला कुणी पाह्यलेलं न्हाई, पण आवाज गावोगाव वळखतात. आता आवाज फोनवर धाडायचा म्हणजे घडी घालून पिशवीत कोंबावा लागतो. कोंबायची जुनी, फुकटची रीत म्हणजे स्पीक्स. उघडलं की माणूस विहिरीत बसून बोलून राह्यला वाटतं, पण चालू होतं ना बराबर? तर गटाचं कंप्युटर सांभाळणारी गंधाली म्हणे, काका, ज्यांनी स्पीक्स केलं तेच म्हणतात, आता हे सोडा, आमचं ऑपस घ्या, आवाज जसाच्या तसा जातो, अन् ते बी फुकट. फुकट म्हणल्यावर मागं सरतो का आपण?

पण एकदम न्हाई म्हणे, जुन्या फोनला जुनं, नव्याला नवं, दोन्ही संगंच चालवू. तिथंच माती खाल्ली! एकाच घरात बापाच्या फोनात विहिरीतला नरहर अन् पोराच्या फोनात कोणी भलताच गुळगुळीत गडी. माणूस तोच, बरं का! मंग जुने फोन बी नव्यावर आले, विहिरीतला नरहर बंद पडत गेला, अन् मंठ्याकडं बातमी उठली, नरहरभाऊ गेले. मी रोज बोंबलून राह्यलो, "मी नरहर बोलतो," तर म्हणले, बघा, मयताचं नाव लावून राह्यला! मी वारं हाय म्हणलं की लोकं, ह्या तोतयाचं ऐकायचं न्हाई म्हणून, हटकून पंप पाठीवर घेणार, अर्धं औषध शेजाऱ्याच्या रानात. लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. जन्मात पहिल्यांदा माझा खरा आवाज लोकायच्या कानावर गेला अन् तोच कुणाला पटंना... अन् माणूस तोच, बरं का!

परवा मंठ्याहून रखमाजी अन् मालनबाई आल्ते, आमचे सगळ्यात जुने ऐकणारे. फडक्यात भाकरी-पिठलं, डोळ्याला पदर. नरहरभाऊच्या घरच्यायला घास द्यायला आलो म्हणे. मी म्हणलं, अहो, मीच नरहर. रखमाजीनं मला खालून वर पाह्यलं.

"धाकटे भाऊ दिसता. आवाज बिलकुल मिळत न्हाई."

मी हात जोडले, माणूस तोच हो! ऐकतंय कोण? शेवटी आमच्या घरची, नीला, आतून पितळी घागर घेऊन आली, माझ्या तोंडाला लावली अन् म्हणली, बोला. मी आत तोंड घालून बोललो, "उद्या वारं हाय, फवारू नका." मालनबाईनं तिथंच हंबरडा फोडला, जित्ते हायेत म्हणून! रखमाजी तर वाकून पाया पडले... घागरीच्या!

तवापासून रोज सकाळी मी घागरीत बोलतो अन् वारं असलं की एक पंप घराबाहेर निघत न्हाई. मी गंधालीला इचारलं, बाई गं, मंग ह्या ऑपसचा फायदा काय झाला?

म्हणली, "काका, घागर जशीच्या तशी ऐकू येते."