ज्याची खिंड त्याने लढवावी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कॉलेजचे प्रमुख डॉ. लिंडक्विस्ट, व्यासपीठावरील पास्टर ओमडालबाई, मुख्य कोच ब्रॅनिगन, सत्कारमूर्ती डेझमंड कॅल्हून, आणि शनिवारचा सामना पाहूनही आज जेवायला येण्याइतकी भूक शिल्लक असलेल्या बंधुभगिनींनो,

मला बोलायची सवय नाही. आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्या नवऱ्याकडे, ऑर्व्हिलकडे होतं. ऑगस्टमध्ये तो गेला, तेव्हापासून ते खातं बंदच आहे. मी आयुष्यभर औषधांच्या दुकानात काम केलं. "जेवणानंतर घ्या" यापलीकडे तिथे कुणी माझं ऐकून घेतलं नाही. तरीही कोच ब्रॅनिगन म्हणाले, "इंगेबोर्गबाई, डेझमंड निघालाय. निरोपाचं तुम्हीच बोला." नाही कसं म्हणणार?

डेझमंड का निघाला, हे सर्वांना ठाऊक आहे. शनिवारी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात रेड लेज कॉलेजने आपल्याला हरवलं. आणि हरवलं तरी कसं? चेंडू फेकायचे कष्टसुद्धा त्यांनी घेतले नाहीत. चेंडू पोटाशी धरायचा आणि आपल्या बचावफळीच्या मधून पळत सुटायचं. पुन्हा धरायचा, पुन्हा पळायचं. माझ्या शेजारी बसलेले सेवरिन म्हणाले, "आपल्या चर्चचं दारसुद्धा इतकं उघडं नसतं." पास्टरबाई, हे सेवरिन म्हणाले. मी फक्त हसले.

ऑर्व्हिल बचावाचा कोच होता आणि डेझमंड त्याचा मदतनीस. ऑर्व्हिलनंतर सगळा भार डेझमंडवर आला. सामना संपल्यावर त्याने सांगून टाकलं, "ऑर्व्हिलचा बचाव माझ्या हातून बुडाला. हंगाम संपला की मी अलाबामाला परत जातो." डॉ. लिंडक्विस्ट यांनी अजून होकार दिलेला नाही. पण केक मात्र आणलेला दिसतोय.

रविवारी बचावफळीची मुलं आमच्याकडे वॉफल खायला येतात. ही ऑर्व्हिलने लावलेली सवय. तो गेला म्हणून मुलांची भूक काही गेली नाही. परवाही आली. मी वॉफल करत होते आणि माझ्या पाठीमागे भांडण जुंपलं होतं.

"तू होतास कुठे रे?" क्वेंटिन विचारत होता. "तुझ्या खिंडीतून बस गेली असती, बस!"

"मी टकरच्या मदतीला गेलो होतो," लाफाएले म्हणाला. हा आपला सगळ्यात थोराड मुलगा. तो आला की माझ्या खुर्च्या घाबरतात.

"मला कशाला मदत?" टकर ओरडला. "मी तर तुझ्याकडे आलो होतो!"

"आणि शहाण्या, तू कुठे होतास?" त्याने क्वेंटिनला विचारलं.

क्वेंटिन ताटाकडे बघत म्हणाला, "मी तुम्हा दोघांकडे."

शेवटी लाफाएले म्हणाला, "कोच ऑर्व्हिलसाठी चेंडू घेऊन पळणाऱ्या एकाला तरी मी स्वतः पाडणार होतो. सगळ्यांनीच तेच ठरवलंय, हे मला काय माहीत?"

ज्यांना खेळ कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन खेळाडूंच्या मधल्या जागेला ऑर्व्हिल खिंड म्हणायचा. ज्याची खिंड त्याने लढवायची. चेंडू दुसरीकडे गेला तरी जागा सोडायची नाही. "शेजाऱ्याच्या घरात चोर शिरला म्हणून आपलं घर उघडं टाकून धावाल," तो म्हणायचा, "तर चोर तुमच्याकडेच जेवून जाईल."

पण मुलांना मी काय बोलू? आपण मोठ्यांनी वेगळं काय केलं? अंत्यविधीनंतरच्या जेवणाची आपली पद्धत ठरलेली आहे. आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून कुणी ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश आणायची, कुणी सॅलड, कुणी पाव. ऑर्व्हिलच्या वेळी मात्र प्रत्येक घराला वाटलं, इंगेबोर्गच्या पोटात काहीतरी गरम जायला हवं. टेबलभर हॉटडिश! सगळ्यांत तेच बटाटे, तोच खिमा. पावाचा तुकडा नाही. माझा फ्रीजर अजून त्यातून सावरलेला नाही. मला राग आला नाही हो. इतकं प्रेम एकाच तापमानाला भाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आता सत्कारमूर्तींकडे वळते. डेझमंड ऑर्व्हिलची जुनी टोपी घालतो. त्याच्यासारखा कडेला उभा राहून ओरडतो. बर्फ पडला की मी उठायच्या आधी माझं अंगण साफ करून जातो. ऑर्व्हिल चुकवत नसे म्हणून चर्चच्या ल्युटफिस्कच्या जेवणालाही आला. अलाबामाचा माणूस, आणि पुढ्यात आमचा तो थरथरणारा मासा! त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतला, तेव्हा हा माणूस किती दुःखात आहे ते मला कळलं. दर रविवारी तो चर्चमध्ये माझ्या बाकावर बसतो. ऑर्व्हिलची जागा रिकामी दिसू नये म्हणून.

वॉफल संपल्यावर लाफाएले मला म्हणाला, "कोच कॅल्हून पूर्वी मागून यायचे आणि कानात एवढंच सांगायचे, 'लाफा, पाय.' बस्स. मग मला कळायचं, मी जागेवरून सरकलोय. आता तेही ओरडतात. कानात कुणीच सांगत नाही."

डेझमंड, ओरडणं ऑर्व्हिलचं काम होतं. तुझं काम कानात सांगायचं होतं. ऑर्व्हिलचा बचाव बुडाला तो तू कमी पडलास म्हणून नाही. तूही आपली खिंड सोडून त्याच्या खिंडीत जाऊन उभा राहिलास. आणि तुझ्या जागेवर कुणीच उरलं नाही.

तेव्हा एक सांगते. बाकावरची ती जागा रिकामी असू दे. दिसू दे रिकामी. ती खिंड माझी आहे, ती मी लढवीन. तू पुढच्या बाकावर बस, मागच्या बस, हवं तर झोपून राहा. पण येत्या शनिवारी मुलांच्या पायांकडे बघ. आणि पुढच्या हंगामातही.

तू आता होकाराची मान हलवलीस ती डॉ. लिंडक्विस्ट यांनी पाहिली असेल, असं मी धरून चालते. नसेल, तर क्वेंटिन, टकर आणि लाफाएले साक्षीला आहेत. त्यांना खाली बसवा कुणीतरी.

माझं बोलणं शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. अध्यक्षमहाराज, मला निरोपाचं भाषण सांगितलं होतं आणि माझ्याकडून निरोप द्यायचा राहून गेला. या चुकीची मी क्षमा मागते. ती दुरुस्त मात्र करणार नाही.