राळं वेचनारी येसू

ऐका. शेकोटीत एक काटकी टाका आन् गप बसा. मदी कुनी बडबडलं तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो.

आमचा चुलता सयाजी. घोंगड्या विनायचा. बाजार उरकून अंधार पडल्यावर निघायचा, शिरसवाडीच्या मसनाकडंच्या वाटेनं. तितं एकदा एक बाई उकिडवी बसलेली. राळं वेचत व्हती. राळं म्हंजी ते बारीक पिवळं धान्य.

"सांडलंय. पायाखाली येतंय बगा," ती म्हनाली.

आता अन्न पायाखाली येतंय म्हनल्यावर आपल्यातला मानूस पुढं जाईल का? बसला सयाजी वेचायला.

"तुमच्याच घोंगडीत बांधा. माझ्या हातात ऱ्हात न्हाई," म्हनाली. ऐकताय न्हवं? ती खोटं बोलली न्हाई.

मग दर बाजाराला ती तितं. नाव येसू. वेचता वेचता बोलायची, हसायची. सयाजी खुळा झाला. एवढे दिस राळं वाटेवर पडलंय, पाखरं का खात न्हाईत, हे त्याला सुचलंच न्हाई. दर खेपेला वेचनं गावाकडं सरकतंय, हेबी न्हाई.

"तू कोनाची गं? लगीन करू आपुन."

"सारं वेचून झालं की सांगते."

त्यानं तिच्यासाठी तांबड्या काठाची घोंगडी विनली. लग्नाची म्हनून. सारं राळं त्यातच बांधलं.

शेवटच्या रात्री वेचत वेचत दोघं एका घराच्या उंबऱ्याशी आली. आत दिवा. तान्हं पोर रडत व्हतं.

"एवढं मूठभर उचल, सयाजी. झालं मग."

आतनं म्हातारी वरडली, "कोन हाय रं? उचलू नगंस! बाळंतपनात गेलेली सून हाय ती आमची. माघारी येऊ नये म्हनून मसनापासनं आमीच राळं टाकलंय. सारं वेचलं की आत येईल, पोराला न्हेईल!"

सयाजीनं येसूकडं बगितलं. "आन् मी गं? मी कोन तुझा?"

"मला जित्या मानसाचे हात पायजे व्हते," ती म्हनाली. बाजारभाव सांगावा तशी.

त्यानं घोंगडी झटकली. सारं राळं अंगनभर. येसू मटकन खाली बसली. सांडलेलं वेचायला बसावंच लागतं तिला. पन त्याचं मनगट धरलं. हात गारढोन. आन् पुन्यांदा तोच गोड आवाज, "बस की जवळ. तुझ्याबिगर कोन हाय मला?"

गुडघे वाकले बगा त्याचे. एवढं कळूनबी वाकले. तेवढ्यात पोर रडलं, आन् तिची मान गर्रकन दाराकडं फिरली. बोटं सुटली. सयाजी पळाला तो आपल्या घरात येऊन पडला. घोंगडी तितंच.

मरंस्तवर लगीन केलं न्हाई त्यानं. म्हनायचा, भुताचं काय न्हाई रं, पन दाराकडं तिनं जसं बगितलं, तसं माझ्याकडं एकदाबी बगितलं नव्हतं.

तवा पोरांनो, त्या वाटेनं जायचं न्हाई. गेलातच आन् राळं दिसलं, तर खुशाल तुडवत जावा. पाप माझ्या डोक्यावर. पन वाकू नगा.