यादीत नसलेलं लाईटबिल

तुम्ही हसाल, पण कर्जमुक्तीच्या अर्जासाठी वकिलाने विचारलं, "काका, कोणाकोणाचं देणं आहे?" तेव्हा ज्यांच्याकडून पैसे हातात घेतले, तेवढीच नावं मी सांगितली. सुरतच्या कोर्टाने त्या यादीतल्या देण्यांची वसुली थांबवली.

मग थकलेल्या लाईटबिलासाठी लाईनमन आला. बायको आत दम्याच्या मशीनवर होती. मी कोर्टाचा कागद पुढे केला. त्याने तो सावकाश वाचला.

"बाबा, यात आमचं नाव नाही."

"मला वाटलं, हातात घेतलं तेवढंच कर्ज."

त्याने मान खाली घातली आणि वायर कापली.

मशीन थांबलं. मी पुठ्ठ्याने तिला वारा घालत बसलो. जरा श्वास आल्यावर ती म्हणाली, "आता यादी नव्याने कराल, तेव्हा माझंही नाव लिहा. गहाण टाकायला माझं मंगळसूत्र तुम्ही हातातच घेतलं होतं."