लाल दिवा आन मालकाचं नाव

एक होती पातूरची माळीण, तिले होती एक नात, आन नातीले अकोल्यात रेडिओच्या स्टुडिओत लागलं होतं कच्चं काम. ते माळीण म्हणजे मीच.

"आजी, भुलाबाईची गाणी म्हणाले चाल," नात सुमन म्हणे. "माहा पयलाच कार्यक्रम हाये. बिघडला तर सायेब मले घरी धाडतीन."

ज्या खोलीत पयले नाटकं होत, तिथं मले बसवलं. आवाज येते म्हणून पंखा बंद केला. लाल दिवा लागला. काचेमागून सायेब बोलले, "आधी पूर्ण नाव सांगा."

पूर्ण नावात मालकाचं नाव येते, आन ते म्या सरळ कधी घेतलंच नाही.

"मी सांगू का?" सुमननं इचारलं.

"नाही. आवाज त्यायचाच पायजे," सायेब बोलले.

पोरीचं तोंड उतरलं. मंग मले आठवलं, उखाण्यात नाव घेतलेलं चालते. म्या डोळे मिटले.

"पंखा केला बंद, लागला लाल दिवा, किसनरावचं नाव घेते, नातीले कामावर ठेवा."

काचेमागं सायेब हासून राहिले होते.

सुमन कामावर पक्की झाली. आता दर सोमवारी तिचा कार्यक्रम त्याच उखाण्यानं सुरू होते. आमचा बुढा तेवढं ऐकते आन रेडिओ बंद करते.