पुढचं गानं जनाबाईंसाठी

हसायचं तर हसा, पन तुमच्यातला स्टेडियममधून बोललेला मी एकटाच हाय.

नेरूलच्या मोठ्या स्टेडियमात गान्यांचा प्रोग्राम व्हता. माजा दोस्त धर्मा, त्याच्या जावयानं दोन पास दिलेले, सासूसासऱ्याला. पन सासू, म्हंजे आमची जनावैनी, शिरढोनला खाटेवर. डॉक्टरनं हात टेकलेले. ती धर्माला बोलली, "माजा पास फुकट नको घालवू, या माकडाला ने." माकड म्हंजे मी.

गानी सुरू झाली तसा धर्मानं घरी फोन लावला नि तिला ऐकू जावं म्हनून हात वर धरून उभा राहिला. मला खाज सुटली. फोन ओढला नि त्या माइकवाल्याचा आवाज काढून बोललो, "आता पुढचं गानं, शिरढोनच्या जनाबाईंसाठी."

तिला खरंच वाटलं. बघायला येईल त्या बाईला सांगायची, "एवढ्या पब्लिकमंदी माजं नाव घेतलं." मी नि धर्मा गप. पंधरा दिसांनी ती गेली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावला शिवंना. पोरीला बघीन, नातवाला शिकवीन, सगलं बोलून झालं. ऊन चढलं. धर्मा माज्या कानाशी आला. "त्या आवाजात बोल ना एकदा."

"इथं? येडा झालास?"

"बोल रं."

बोललो. सगली सोयरी माज्याकडं बघत राहिली. कावला खाली आला, पिंडाला शिवला.

धर्मा डोले पुसत बोलला, "बघ. तो तू व्हतास, ते तिला अजून कललं नाय."