रस्त्यावरचेच टायर, साधे!

...नाही, मला एक सांगा, दात दुखतोय म्हणून घरातून निघालेली बायको हेल्मेट घेऊन परत येते का? तुमच्याकडे आलीय कधी? माझ्याकडे आली! तुम्हाला सांगतो, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. ही जिच्याकडे गेली ना, त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना रविवारी मोकळ्या मैदानावर गाडी पळवायचा नाद. ऑटोक्रॉस म्हणतात. मैदानात नारिंगी शंकू मांडतात आणि त्यांच्यामधून एकेकानं कमीत कमी वेळात नागमोडी गाडी काढायची. शंकू पाडला की दंडाचे सेकंद. तर ही दवाखान्यात आ वासून पडलेली, तोंडात दोन नळ्या, आणि डॉक्टरीणबाई विचारतात, ‘‘तुम्ही गाडी चालवता ना? मग रविवारी येणार ना?’’ आता आ वासलेला माणूस नाही कसं म्हणणार? ‘‘आँ’’ म्हणाली. झालं! आमच्या म्हातारपणाचा निकाल त्या ‘आँ’वर लागला.

बरं, गेली ती गेली, हरून गप्प बसावं की नाही? पण डॉक्टरीणबाईंनी हिला हरवलं आणि हरवून वर खांद्यावर हात ठेवला. ‘‘चालवता छानच हो तुम्ही. टायरचं तेवढं बघा.’’ घरी आल्यावर ही जेवली नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई, सेकंदानं हरणं तिला सहन होईना. शेवटी म्हणाली, ‘‘अहो, एकदा, फक्त एकदा त्या बाईला हरवते, मग सोडते. वचन!’’ आणि ही वचन मोडत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे. म्हणजे बघा, माझी उरलेली शांतता, दुपारची झोप, धड मान, सगळं एकाच गोष्टीवर अडलेलं... हिनं जिंकायला हवं! म्हणून मीच उठलो आणि टायरच्या दुकानात गेलो. ‘‘तुम्हाला जमेल का?’’ ही म्हणाली. ‘‘न जमायला काय झालं? रस्त्यावरचेच टायर आहेत, साधे!’’ हे मी म्हणालो. मी! तेव्हा कुणीतरी माझ्या तोंडात नळ्या घालायला हव्या होत्या.

कारण नियमच तसा आहे. हिच्या गटात शर्यतीचे खास टायर चालत नाहीत, रोजच्या रस्त्यावरचेच लागतात. दुकानात गेलो तर कोपऱ्याकोपऱ्यात काळे ढीग, छतापर्यंत, आणि मधून टायरवाल्याचा नुसता आवाज येतोय, ‘‘काका, सतरा इंची रिम घ्या, गाडी कशी रुबाबदार दिसेल!’’ मी म्हटलं, रुबाब नको, टायर दाखव. प्रत्येक टायरच्या अंगावर झिजेचा एक आकडा असतो. एकावर दोनशे, एकावर चारशे, एकावर सहाशे. आता मी सरकारी कारकून! जन्मभर टिकाऊ सतरंज्या आणि न मोडणाऱ्या खुर्च्या मागवल्या. मी काय घेणार? सहाशे! टायरवाला म्हणाला, ‘‘काका, हे तुमच्यानंतरही राहतील.’’ आणि मला आनंद झाला हो! त्या वाक्यात काय दडलंय ते तेव्हा कळलंच नाही.

रविवारी ही म्हणाली, ‘‘शेजारी बसा, टायर कसे चालतात ते बघा.’’ बसलो. पहिल्या वळणावर हिनं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. चाकं डावीकडे वळली. गाडी? गाडी सरळ! एखाद्या जुन्या हेडक्लार्कसारखी, सांगितलेलं ऐकतेय पण करत काहीच नाही. धप्, धप्, धप्... शंकू आडवे होतायत, एक गाडीखाली अडकला, तो आमच्याबरोबर फरफटत येतोय, घर्रर्र आवाज! फेरी संपली. इंजिन बंद झालं. मग ही समोर बघत हळूच म्हणाली, ‘‘सहाशे?’’ बस्, एवढंच. वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगा उभा राहतो तसा मी बसल्या जागी उभा राहिलो. कसला आकडा होता तो? टिकण्याचा! जो जास्त टिकतो तो रस्ता धरत नाही. जो रस्ता धरतो तो भराभर झिजतो. साठी उलटलेल्या माणसाला हे टायरनं सांगावं?

मग मी हट्टाला पेटलो. शांततेसाठी हो! दिवसरात्र तेच. मोठी रिम जड, पळायला आळशी. चौदा इंची घ्यावी तर तिच्यात ब्रेक मावत नाही. पंधरा! पंधरा इंची, हलकी, बुटका रुंद टायर, आकडा दोनशे. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये अख्खी फेरी निघते, मध्ये गिअर बदलायला नको. टायर बसवले, अंगणात स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि खर्रर्रर्र! टायर मडगार्डला घासतोय. जबड्यात हाड सापडल्यासारखा आवाज. टायरवाल्यानं मडगार्डची कड आतून दुमडून दिली. ‘‘एवढं काय घाबरता काका? रस्त्यावरचेच टायर आहेत, साधे!’’

साधे? त्या आठवड्यात थंडी पडली. मऊ रबर फार गारठलं तर तडकतं म्हणे! म्हणून ते चारही आमच्या झोपायच्या खोलीत आले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि माझं पांघरूण त्यांच्या अंगावर गेलं. मी कुडकुडतोय, ते ऊबेत. अंधारात डोळा उघडला की चार काळी तोंडं माझ्याकडे बघतायत... आणि तो वास! मी म्हटलं, अगं, मी तडकलो तर? ही कूस बदलत म्हणाली, ‘‘तुम्ही सहाशेवाले. टिकाल.’’

रविवार आला. हिनं टायरच्या कडेला खडूच्या रेघा ओढल्या. वळताना टायर किती दुमडतो ते कळतं म्हणे, पण अपघातानंतर पोलीस रस्त्यावर ओढतात ना, हुबेहूब तशा! मी पट्टा आवळला आणि मुलीला फोन करावा का असा विचार करेपर्यंत गाडी सुटली. पहिलं वळण, आणि तुम्हाला सांगतो, गाडी जमिनीला चिकटली! गाडी वळली, मी वळलो नाही. माझा गाल काचेवर, चष्मा कानाच्या मागे, आणि मागचं एक चाक हवेत! मी ओरडतोय, ‘‘अगं, उचललं, उचललं!’’ आणि ही? ही हसतेय! लग्नात हसली नव्हती तशी. एकही शंकू पडला नाही. डॉक्टरीणबाई हरल्या.

सुटलो! मला वाटलं, सुटलो. हिनं तिथल्या तिथे हेल्मेट काढलं. ‘‘वचन म्हणजे वचन. आजपासून बंद.’’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, मला नीट न्याहाळलं, दाढ काढायच्या आधी न्याहाळतात तसं. ‘‘काका, टायर तुम्ही निवडलेत? मग एक फेरी मारा की. टायर गरम आहेत, वाया कशाला घालवता?’’ मी म्हटलं, छे छे. तर ही म्हणते, ‘‘चालवा हो. मलाही कळू दे शेजारी बसून कसं वाटतं. घाबरायचं काय त्यात? रस्त्यावरचेच टायर आहेत, साधे!’’

वाया घालवू नका म्हटलं की कारकून फसतो. बसलो. हळूच निघालो. पहिलं वळण हळू, दुसरं हळू. तिसऱ्यावर काय झालं कोण जाणे, पाय जरा दाबला गेला, गाडी वाकली, मागचं चाक उचललं... आणि मी ओरडलो. भीतीनं नाही. घात झाला तो तिथेच!

आता ही घरी असते. वर्तमानपत्र वाचते, दुपारी झोपते. माझी शांतता तिला मिळाली. परवा म्हणाली, ‘‘अहो, या वयात शोभतं का? सोडा की आता.’’ मी म्हटलं, एकदा, फक्त एकदा त्या डॉक्टरीणबाईंना हरवतो, मग सोडतो. वचन! आणि वचनाचा मीही पक्का आहे. पण तुम्हाला सांगतो, दर रविवारी मी शेवटचा येतो. गेल्या खेपेला एक जण रस्ता चुकून मैदानात शिरला होता, बाहेर पडायची वाट शोधत होता बिचारा, मागे सामान, शेजारी सासूबाई... त्याचीही वेळ माझ्यापेक्षा चांगली भरली. तेव्हा जिंकल्याशिवाय मला सोडता येत नाही, आणि जिंकणं या जन्मात दिसत नाही. चला, निघतो. टायरमधली हवा बघायचीय.