सामानाजवळचं माणूस

बायको : छत कसं होतं ते आधी सांगा. पाणी मागाहून प्या.

नवरा : छत? अगं, राजवाड्याचं छत ते. उंच होतं.

बायको : उंच होतं! आणि चौथ्या कोपऱ्यात काय रंगवलंय?

नवरा : कोपरे कोण मोजत बसतंय? ही गर्दी! मान वर करायची सोय नाही. तुझ्यासाठी सिंहासनाचा फोटो आणलाय, हा बघ.

बायको : यात सिंहासन कुठाय? हे वन्संचं डोकं आहे.

नणंद : माझ्या कानाजवळ सोनेरी दिसतंय ना वहिनी, तेच ते. पण खरं सांगू का, आत काही विशेष नाही गं. दालनामागून दालन. तू सावलीत बसलीस तेच बरं. माझे पाय बघ कसे सुजलेत.

बायको : विशेष आहे की नाही ते मला ठरवू द्या ना, वन्सं! सगळी नोकरी पाचवीच्या पोरांना हा राजधानीचा धडा शिकवण्यात गेली माझी. पुस्तकातल्या चित्रात त्या छताचे तीनच कोपरे. एकात पेरणी, एकात लढाई, एकात लग्नाची वरात. चौथा छापतानाच कापला गेलाय. दर वर्षी एखादं कार्टं विचारायचंच, ‘बाई, चौथ्यात काय आहे?’ मी म्हणायची, बघून आले की सांगेन.

नवरा : पण आता तू निवृत्त झालीस. आता कोण विचारणार आहे?

बायको : मी विचारतेय! मी!

नवरा : बॅगा आत नेऊ देत नाहीत त्याला मी काय करू? नियम काय मी केला?

बायको : नियमाचं मला नका सांगू. किल्ला झाला तेव्हा मी दरवाज्याशी, सामानाजवळ. मनोरा झाला, तुम्ही दोघं वरून हात हलवत होतात आणि मी खालून. काल संग्रहालयात तुम्ही रमलात, तेवढ्यात मी बाहेरच्या कबुतरांची ओळखपाळख करून घेतली. बोलले का काही? नाही. पण मघाशी ती फाटकावरची शिपाईबाई आली. म्हणाली, ‘इथं का ताटकळत बसलात? सामान ठेवायची खोली आहे त्या पायऱ्यांमागे. बॅग द्यायची, बिल्ला घ्यायचा.’ किल्ल्यावरही आहे म्हणे. संग्रहालयातही.

नवरा : असेल.

बायको : असेल? तुम्हाला ठाऊक होतं?

नवरा : ठाऊक म्हणजे... पाटी दिसली होती.

नणंद : दादा! तू तर म्हणालास तशी सोय कुठेच नाही.

नवरा : अगं, अनोळखी माणसाच्या ताब्यात सामान कसं द्यायचं? घरचं माणूस बसलेलं असताना?

बायको : घरचं माणूस! वा! आणि आहे काय हो एवढं त्या बॅगांत? उघडू चारचौघांत? एक छत्री, रिकाम्या बाटल्या, वन्संनी इथल्या बाजारात घेतलेले पडदे आणि तुमचा मफलर. राजाच्या खजिन्यावर नसेल एवढा पहारा दिला मी त्या मफलरवर!

नवरा : हळू बोल. लोक बघतायत.

बायको : बघू देत! राजधानीत आल्यासारखं काहीतरी बघायला मिळू दे त्यांना. मला नाही मिळालं ते नाही मिळालं.

नवरा : बरं बाई, चुकलं. पुढच्या खेपेला तू आत जा, मी बाहेर बसतो.

बायको : पुढची खेप! उद्या सकाळी परतीची गाडी आहे. आणि ही खेप तरी कुणासाठी होती? ‘हिच्या निवृत्तीची सहल, हिच्या निवृत्तीची सहल’ म्हणून शेजारीपाजारी मिरवत होतात ना? द्या माझं तिकीट.

नवरा : तिकीट...

बायको : हो, तिकीट.

नवरा : दोनच काढली होती.

नणंद : कमाल केलीस, दादा.

नवरा : कमाल कसली? ती बाहेर बसणार हे ठरलेलंच होतं ना?

बायको : कुणाचं ठरलेलं? मी म्हणत राहिले, तुमचं झालं की मी जाते. तुमचं झालं की कधी तुम्हाला भूक लागायची, कधी वन्संचे पाय दुखायचे. मी आपली उचल बॅग आणि चल.

नणंद : वहिनी, शपथ, मला वाटलं तुलाच चालायचा कंटाळा. दादानंच तसं सांगितलं.

बायको : ऐका! माझा कंटाळासुद्धा यांनीच ठरवला.

नवरा : अगं पण आता अर्ध्या तासात बंद होईल. धावतपळत काय बघणार तू?

बायको : एक कोपरा. सरका जरा, माझी पर्स पडद्यांखाली आहे.

नवरा : थांब तर. मी येतो बरोबर. सामान टाकू त्या खोलीत.

बायको : आता सुचतंय? काही नको. बसा इथंच. अनोळखी माणसाच्या ताब्यात सामान कसं द्यायचं?

(ती तिकीटखिडकीकडे जाते. बाकावर दोघं, मध्ये बॅगा.)

नवरा : बघितलंस? एका छतासाठी केवढं आकांडतांडव!

नणंद : गप्प बस, दादा.

नवरा : आता तूही?... मिळालं वाटतं तिकीट. गेली बघ आत. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

नणंद : हं.

नवरा : आत वळणं फार आहेत गं. चुकेल ती. एकटीनं फिरायची सवय नाही तिला.

नणंद : चार दिवस एकटीच तर होती, दादा.